चार ओळींचे चारशे रुपये : जळगावातील एका बायोडाटा-सेवेचा अनुभव

जळगावच्या बसस्थानकापासून पायी सात-आठ मिनिटांच्या अंतरावर, झेरॉक्सच्या दुकानांच्या रांगेत, एक अरुंद दुकान आहे. पाटीवर ‘ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, नोकरीचा व लग्नाचा बायोडाटा’ असे रंगवलेले असून त्याखाली मागाहून चिकटवलेल्या पट्टीवर ‘शिक्षक भरतीसाठी खास बायोडाटा’ अशी भर घातलेली आहे. या खास बायोडाट्याचा, आणि त्यातही सर्वांत वर येणाऱ्या ‘उद्दिष्ट’ नावाच्या तीन-चार ओळींचा, हा अनुभव आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण त्यांच्या कामात जे उणे आढळले तेही लिहायचे आहे, आणि ती उणीव असलेली दुकाने खानदेशात तालुक्यागणिक सापडतील.

मी पारोळा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. सेवेच्या अखेरच्या वर्षांत निवड समितीवर बसण्याचे काम वाट्याला येत असे, त्यामुळे उमेदवारांचे बायोडाटे मी गठ्ठ्यांनी वाचलेले आहेत. ते लिहिताना मात्र कोणाच्या शेजारी बसलो नव्हतो. ती वेळ या वर्षी भाचीमुळे आली. ती गणित घेऊन बी.एससी. आणि त्यानंतर बी.एड. झालेली आहे, शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण आहे, आणि जळगाव-धुळ्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या गणितासाठी अर्ज करीत होती.

दुकानात दोन प्रकारची सेवा मिळते. पहिलीला ते ‘तयार नमुना’ म्हणतात आणि तिचे शंभर रुपये घेतात. दुसरीला ‘बसून लिहिलेला’ असे सरळ नाव आहे आणि तिचे चारशे रुपये पडतात. भाचीने आधी मला न विचारता पहिली घेतली. संगणकावर बसलेल्या मुलाने जुनी फाइल उघडली, आधीच्या उमेदवाराचे नाव पुसून तिचे घातले, गुण बदलले, जन्मतारीख बदलली आणि दहा-बारा मिनिटांत दोन प्रती तिच्या हातात ठेवल्या. त्यातील उद्दिष्ट जसेच्या तसे असे होते : ‘टू सीक अ चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स फॉर द ग्रोथ ऑफ द ऑर्गनायझेशन अ‍ॅज वेल अ‍ॅज मायसेल्फ.’

हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की ते दिसताच डोळा आपोआप खालच्या ओळीवर उतरतो, आणि माझ्याबरोबर समितीवर बसणाऱ्या मंडळींचेही तसेच होत असे. वाक्यात चूक अशी काहीच नाही, पण ते कोणाचेही असू शकते. औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यातला पर्यवेक्षक आणि बँकेच्या वसुली विभागातला कारकून या तिघांच्याही बायोडाट्यावर ते तितकेच शोभेल. त्यात शाळा नाही, विषय नाही, इयत्ता नाही, मूल तर नाहीच. दुसरे असे की त्यात उमेदवाराला काय हवे आहे तेवढेच सांगितले आहे. आव्हानात्मक जागा हवी, नामांकित संस्था हवी, स्वतःची वाढ हवी. टेबलामागे बसलेल्या मुख्याध्यापकाला त्या क्षणी निराळीच चिंता असते. आठवीचे गणित शिकवणारे सर जूनमध्ये सोडून गेले आहेत, पालक विचारू लागले आहेत, आणि समोरच्या चाळीस अर्जांपैकी कोणाला पाठ घ्यायला बोलवायचे ते संध्याकाळपर्यंत ठरवायचे आहे. त्या माणसाला पहिल्या दोन ओळींत आपल्या अडचणीचे उत्तर दिसले, तर तो पुढचे वाचतो.

तीन शाळांना तो नमुना गेला आणि तिन्ही ठिकाणांहून काहीच कळले नाही. केवळ त्या वाक्यामुळे असे झाले असे मी म्हणणार नाही, कारण अनुभव नसलेल्या उमेदवाराला मौनच उत्तर मिळते हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही चारशे रुपयांची सेवा घेऊन पाहू, असे म्हणून मी तिच्याबरोबर गेलो.

चारशे रुपये ही लहान रक्कम नव्हे. शिक्षणसेवकाचे, म्हणजे कायम होण्याआधी ठरावीक मानधनावर नेमलेल्या शिक्षकाचे, मानधन २०२३ साली वाढले आणि ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० व उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले, परंतु ते मान्यताप्राप्त, अनुदानित जागेवर निवड झालेल्यांसाठी असते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, किंवा सरकारी अनुदान नसलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेत नव्याने लागणाऱ्याच्या हातात पुष्कळदा त्यापेक्षा बरेच कमी पडते, आणि आमची भाची तर अजून कुठेच लागलेली नव्हती. म्हणून चारशे रुपयांत नेमके काय मिळते, ते मी जरा काटेकोरपणेच पाहिले.

पहिली गोष्ट म्हणजे, त्या सेवेत संगणकावरच्या मुलाऐवजी खुद्द मालक समोर बसतात. गृहस्थ पन्नाशीचे, पूर्वी खासगी शिकवणी वर्गात शिकवलेले, आणि बोलणे अस्सल धुळ्याकडचे आहे. त्यांनी कागद बाजूला सारला आणि भाचीला आधी नुसते बोलते केले. तिने पाठ केल्याप्रमाणे सांगितले की माझे संवादकौशल्य चांगले आहे, मी मेहनती आहे आणि मला नवीन शिकण्याची आवड आहे. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, “ते समदं ठीक शे, पन तू पोरेसले काय शिकाडं ते सांग.” या एका प्रश्नासाठी मी त्यांना अर्धी फी तिथल्या तिथे देऊन टाकली असती.

पुढची चाळीस मिनिटे प्रश्नांचीच होती. बी.एड.च्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सराव अध्यापनात, कोणता वर्ग मिळाला? पटावर किती मुले होती? कोणता घटक घेतला? मुले नेमकी कुठे अडत होती? तू काय केलेस? त्याने काही फरक पडला का, आणि पडला हे तुला कशावरून कळले? दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतली आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची असते. म्हणजे नवख्या उमेदवाराकडे अनुभव नसतो हे म्हणणेच अर्धवट आहे. त्याच्याकडे वीस आठवडे असतात आणि ते वाया गेले असे समजून तो त्यांना बायोडाट्याच्या तळाशी एका ओळीत गाडून टाकतो. भाचीनेही तेच केले होते. खोदून विचारल्यावर निघाले ते असे : अमळनेर तालुक्यातल्या शाळेत तिला आठवीचा वर्ग मिळाला होता, पट बेचाळीसचा होता, आणि एकचल समीकरणे सोडवताना पद समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेले की मुले चिन्ह बदलायचे विसरत होती. तिने घरून भाजी मोजायचा जुना तराजू नेला. एका पारड्यातून काढले तर दुसऱ्यातूनही तितकेच काढावे लागते, नाहीतर दांडी झुकते, हे मुलांच्या हातांनी करवून घेतले, आणि ‘पद पलीकडे नेणे’ हा शब्दच तीन आठवडे वर्गातून हद्दपार केला. आधीच्या चाचणीत सत्तावीस मुलांनी चिन्ह चुकवले होते आणि नंतरच्या चाचणीत अकरांनी. हे आकडे तिच्या पाठाच्या वहीत होते. मामा म्हणून सांगतो, ही तराजूची गोष्ट मलाही तोवर माहीत नव्हती.

आकडा घालावा की नाही यावर आमची थोडी चर्चा झाली. मालकांचे म्हणणे असे की वही मुलाखतीला बरोबर नेता येणार असेल तरच आकडा लिहावा, कारण लिहिलेल्या आकड्यावर प्रश्न येतोच. ही सूचना अनुभवी माणसाचीच आहे. ‘निकालात शंभर टक्के सुधारणा’ असे लिहून आलेल्या एका उमेदवाराला आमच्या समितीने ‘कशाच्या शंभर टक्के’ असे विचारले होते, आणि पुढची दहा मिनिटे त्या खोलीत कोणालाच सुखाची गेली नाहीत.

अखेर जे उद्दिष्ट तयार झाले ते इंग्रजीत होते, कारण अर्ज सीबीएसई शाळांना जायचे होते. मराठीत त्याचा आशय असा सांगता येईल : ‘सहावी ते आठवीच्या गणित शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज. बी.एससी. गणित, बी.एड., शिक्षक पात्रता परीक्षा पेपर दोन उत्तीर्ण. वीस आठवड्यांच्या आंतरवासितेत आठवीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांना समीकरणे तराजूच्या कृतीतून शिकवली व चिन्हांच्या चुका सत्तावीसवरून अकरा विद्यार्थ्यांपर्यंत कमी झाल्या. घरी मराठी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतील शाब्दिक उदाहरणे समजून घेता यावीत, यासाठी हीच कृतिपद्धती वापरण्याचा मानस आहे.’

पहिल्या ओळीत जागा आहे. मुख्याध्यापकाला गठ्ठा विषयवार लावायचा असतो, आणि ‘शिक्षक पदासाठी’ एवढेच लिहिणारा उमेदवार त्याचे काम वाढवतो. दुसरीत पात्रता आहे, तीही तपशील न देता, कारण तपशील खाली तक्त्यात येणारच आहे. तिसरीत केलेले काम आहे. चौथी ओळ मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती त्या शाळेच्या अडचणीविषयी बोलते. जळगाव जिल्ह्यातल्या कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीच्या मुलाला भागाकार येत असतो, पण इंग्रजी उदाहरणात भागाकार करायचा आहे हेच त्याला कळत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो उमेदवार इथलाच आहे आणि इथे टिकेल, असा अर्थ वाचणारा आपणहून काढतो. ‘मी दीर्घकाळ सेवा करण्यास इच्छुक आहे’ असे वेगळे लिहावे लागत नाही.

मालकांच्या पहिल्या मसुद्यात ‘पॅशनेट’ आणि ‘डायनॅमिक’ हे दोन शब्द होते, ते मी खोडायला लावले. त्यांनी थोडा विरोध केला. गिऱ्हाइकाला असे शब्द नसले तर पैसे वाया गेल्यासारखे वाटते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते आणि ते खोटे नसावे. आपल्याकडे याच जातीचा आणखी एक प्रकार आहे. मराठी माध्यमाच्या अर्जांपैकी कित्येकांत उद्दिष्टाच्या जागी ‘साने गुरुजींचा आदर्श समोर ठेवून ज्ञानदानाचे पवित्र कार्य करण्याची इच्छा’ असे लिहिलेले असते. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे या भागातल्या शिक्षकाला त्यांचे नाव घेण्याचा अधिकार आहेच. पण गुरुजी तिथे काय करीत होते ते पाहावे : वसतिगृह सांभाळत होते आणि तिथल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत होते. ज्याने वर्गात भित्तिपत्रक चालवले, किंवा वसतिगृहातल्या पाच मुलांना रोज संध्याकाळी वाचून दाखवले, त्याने तेवढेच लिहावे. गुरुजींचे नाव वाचणाऱ्याला आपोआप आठवेल.

आम्ही बसलो असताना जे दुसरे काम चालू झाले, त्यामुळे या दुकानाविषयीचे माझे मत पक्के झाले. अक्कलकुवा तालुक्यातला एक तरुण आला होता. डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका झालेला, आश्रमशाळेत आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खासगी प्राथमिक शाळांत अर्ज करणारा. त्याने घरून लिहून आणलेल्या कागदावर भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एवढेच होते. घरी काय बोलता, असे मालकांनी विचारले तेव्हा तो थोडा थांबला आणि पावरी म्हणाला. ही तिकडच्या आदिवासींची बोली. ती लिहायची असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. उलट ती लपवलेली बरी, असा त्याचा समज दिसला. मालकांनी ती भाषांच्या रकान्यात तर घातलीच, शिवाय उद्दिष्टाच्या पहिल्या वाक्यात आणून बसवली : ‘पावरी मातृभाषा असलेला प्राथमिक शिक्षक; पहिली-दुसरीच्या मुलांना घरच्या भाषेतून मराठी वाचनाकडे नेण्याचे काम करू इच्छितो; निवासी शाळेत राहण्याची तयारी आहे.’

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून येणारे सहा वर्षांचे मूल मराठी ही परकी भाषा म्हणूनच ऐकते. गुरुजी ‘पुस्तक उघडा’ म्हणतात तेव्हा ते शेजारच्याकडे बघून पुस्तक उघडते. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड करता यावी यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवून दिली, आणि नंदुरबार तर देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा ठिकाणच्या मुख्याध्यापकाला पावरी बोलणारा शिक्षक अर्जाच्या पहिल्या ओळीत दिसला, तर तो बाकीचे गुण पाहायच्या आधीच कागद बाजूला काढून ठेवील. ‘निवासी शाळेत राहण्याची तयारी’ या शब्दांचेही तसेच आहे. आश्रमशाळेत शिक्षक मिळण्यापेक्षा मुक्कामाला राहणारा शिक्षक मिळणे अवघड असते, हे त्या विभागात एक वर्ष काढलेल्या कोणालाही विचारावे. त्या तरुणाला कागद वाचून दाखवला तेव्हा त्याने तो दोनदा परत वाचायला लावला.

आता उण्या गोष्टी. ‘शिक्षक भरतीसाठी खास’ ही पट्टी दिशाभूल करणारी आहे. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची भरती २०१७ पासून पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, होते. त्यातील मुलाखतीशिवायच्या जागांसाठी शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीतले दोनशेपैकी मिळालेले गुण, पोर्टलवरच्या स्वप्रमाणपत्रात उमेदवाराने स्वतः भरलेली माहिती आणि दिलेले प्राधान्यक्रम एवढ्यावरच निवड ठरते. तिथे बायोडाटा कोणी उघडूनही पाहत नाही, मग त्याचे उद्दिष्ट कितीही सुरेख असो. मुलाखतीसह भरणाऱ्या खासगी संस्था, स्वयंअर्थसहाय्यित शाळा, तासिका तत्त्वावरची पदे आणि शिकवणी वर्ग हेच बायोडाट्याचे खरे क्षेत्र. मी असताना दोन मुली ‘पवित्रसाठी बायोडाटा’ मागायला आल्या आणि संगणकावरच्या मुलाने एक अक्षर न बोलता दोघींकडून शंभर-शंभर घेतले. मालकांना हे बोललो. त्यांनी मान डोलावली. पट्टी पुढच्या खेपेलाही तिथेच होती.

तयार नमुन्यात शिक्षक पात्रता परीक्षेपुढे अजून ‘वैधता : सात वर्षे’ असा रकाना आहे. ती मुदत २०२१ सालीच रद्द होऊन प्रमाणपत्र कायमचे वैध झाले आहे. हा रकाना भरणारा उमेदवार स्वतःहून आपली पात्रता संपल्याचे लिहून देतो, असा प्रकार आहे.

याहून गंभीर चूक आमच्याच बाबतीत घडली. मालकांनी उद्दिष्टात पहिल्या शाळेचे नाव घातले होते, त्या शाळेला ते वाचून बरे वाटावे म्हणून. दुसऱ्या शाळेचा अर्ज ईमेलने पाठवताना संगणकावरच्या मुलाने तीच फाइल जोडली आणि पहिल्या शाळेचे नाव दुसऱ्या शाळेत जाऊन पोहोचले. भाचीच्या लक्षात आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुकानाने पैसे परत देऊ केले, पण त्या शाळेचा दरवाजा काही पैशांनी उघडणार नव्हता. त्यावरून मी असे सुचवतो की उद्दिष्टात शाळेचे नाव घालूच नये. ‘सीबीएसई शाळेत’, ‘निवासी शाळेत’, ‘मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत’ असा प्रकार लिहावा आणि नाव सोबतच्या अर्जात घालावे, जो तसाही दर वेळी नव्याने लिहावा लागतो. आणि ईमेल दुकानातून न पाठवता स्वतःच्या फोनवरून पाठवावा. फाइलच्या नावात आपले नाव आणि विषय असावा; आमच्या फाइलचे नाव ‘बायोडाटा न्यू फायनल २’ असे होते.

मराठी बायोडाटा हवा असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी. या दुकानात मराठी टंकन अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होते. त्यांच्या संगणकावर सर्व ठीक दिसते, पण वर्डची फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी उमटते. युनिकोडमध्ये टंकन करून मागावे आणि पीडीएफ घ्यावी. मागितले तर देतात. आपणहून देत नाहीत. कागदावर आधार क्रमांक, जात प्रमाणपत्राचा क्रमांक आणि वडिलांचा व्यवसाय हेही त्यांच्या नमुन्यात येते, ते काढायला सांगावे. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली पडद्यावर उघड्या पडलेल्या असतात. आमची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मी ती तिथून पुसायला लावली. पहिल्या छपाईत माथ्यावर ‘श्री गणेशाय नमः’ आले होते, ते लग्नाच्या बायोडाट्याच्या साच्यातून राहून गेले होते असे कळले. त्याचे वाईट वाटायचे कारण नव्हते, फक्त ती प्रत आम्ही ठेवून घेतली नाही.

आणखी एक मतभेद. मालक प्रत्येकाच्या बायोडाट्यात उद्दिष्ट घालतात. नवख्याला, दुसऱ्या व्यवसायातून शिक्षकीकडे वळणाऱ्याला, किंवा नाशिक-पुण्याची नोकरी सोडून गावाकडे परत येणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, कारण वाचणाऱ्याच्या मनात ‘हा इथे का अर्ज करतो आहे’ असा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या चार ओळींत देता येते. बारा वर्षे दहावीचे इंग्रजी शिकवलेल्या शिक्षिकेने मात्र ‘माझे उद्दिष्ट’ असे लिहिणे विचित्र दिसते. तिने त्या जागी केलेल्या कामाचा तीन ओळींचा सारांश द्यावा : किती वर्षे, कोणत्या इयत्ता, बोर्डाच्या परीक्षेला किती मुले बसवली, शाळेत आणखी कोणती जबाबदारी सांभाळली. चारशे रुपयांच्या सेवेतही हा फरक ते स्वतः करत नाहीत. गिऱ्हाइकाने सांगावा लागतो.

नव्या बायोडाट्यावर भाचीचे दोन अर्ज नीट गेले आणि त्यांपैकी एका शाळेने पाठ घ्यायला बोलावले. मुख्याध्यापिकांनी पहिलाच प्रश्न तराजूवरून विचारला, वही पाहायला मागितली आणि तोच पाठ वर्गावर घ्यायला सांगितला. जागा अखेरीस चार वर्षे अनुभव असलेल्या उमेदवाराला मिळाली. त्यात मला अन्याय दिसत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी चारशेचीच सेवा घ्यावी, शंभराची नको. शंभरात जे मिळते ते फोनवर फुकट मिळते. मालक दुकानात स्वतः आहेत का ते विचारून जावे, कारण सोमवारी ते नसतात आणि त्यांच्या गैरहजेरीत संगणकावरचा मुलगा चारशे घेऊन शंभराचेच काम करून देतो, असे दुसऱ्या एका उमेदवाराने सांगितले. पाठाची वही, आंतरवासितेचे प्रमाणपत्र आणि शाळेची जाहिरात बरोबर न्यावी. मे-जूनमध्ये फार गर्दी असते, तेव्हा दुपारी बारानंतर गेल्यास निवांत बसता येते. बसायला दोनच खुर्च्या आहेत आणि मामाला उभे राहावे लागते.

गेल्या महिन्यात धुळ्याच्या एका शाळेची जाहिरात आली, पाचवी ते सातवीच्या गणित-विज्ञानाची. भाचीने उद्दिष्ट उघडले, पाचवीला समीकरणे कशाला म्हणून तराजू काढून टाकला, आणि त्या जागी शिकवणीतल्या मुलांना भाकरीचे तुकडे करून समच्छेद अपूर्णांक कसे शिकवले ते लिहिले. मला वाचायला पाठवले तेव्हा खोडण्यासारखा एकही शब्द त्यात नव्हता. दुकानात ती फक्त छापायला गेली. दोन पानांचे दहा रुपये झाले.